मद्रासी पार्ट

दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मला साखर कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली. कोपरगावची खोली सोडून मी बेलापूरला, माझ्या या थोरल्या भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य उभ्यानं गेलं, त्यात गुडघे गेले. आता कसला उद्योग करायचा नाही, सकाळी पेपर, रविवारी चर्च, एवढंच करायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

झटक्यात दादाची उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. एका वेळी एखाददुसरा शब्द यायचा, तोही ओढून काढल्यासारखा. वहिनी त्याला सकाळी अंगणात खुर्चीवर बसवायच्या. खुर्चीच्या समोर पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली ती गाडी.

गाडी म्हणजे दोन माणसांची, उघड्या टपाची, विलायती स्पोर्ट्स कार. दादा तरुणपणी मिशनच्या दवाखान्यातल्या एका परदेशी डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता. डॉक्टर कायमचे मायदेशी गेले तेव्हा गाडी दादाला देऊन गेले. बेलापुरात तिला सगळे ‘डॉक्टरची गाडी’च म्हणत. दादानं ती दहाएक वर्षं मजेत चालवली. मग एका रविवारी तो आणि वहिनी एका लग्नाला कोल्हारला निघाले असताना पुढचं डावं चाक आतल्या बाजूला दुमडलं आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. दादाला खरचटलं. वहिनींची मांडी मोडली. दोन ऑपरेशनं झाली तरी पाय दीड इंच आखूड राहिला. त्या त्याच दवाखान्यात नर्स होत्या. दिवसभर उभं राहायचं काम पुढं जमेना, नोकरी सोडावी लागली. गाडी बैलांनी ओढून शेडमध्ये आणली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली.

दादा खुर्चीवर बसून त्या ताडपत्रीकडे बघत राहायचा. एक दिवस त्यानं डावा हात उचलला, शेडकडे केला आणि म्हणाला, “गाडी.” पुण्याचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस पूर्वी एकदा ती विकत मागायला आला होता, म्हणून मी विचारलं, विकायची का? त्यानं नाही अशी मान हलवली. चालू करायची का, म्हटलं, तर पुन्हा ताडपत्रीकडे बघायला लागला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “करा भाऊजी काहीतरी त्या गाडीचं. रोज तिच्यासमोर बसून त्यांचा दिवस जातो, आणि मला ते बघवत नाही.”

मला जिवावर आलं होतं. पण नाही कसं म्हणणार?

इंजिनाचं काम फारसं अवघड गेलं नाही. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, पिस्टन गंजून धरले होते. ते सगळं मला कळणारं काम होतं आणि कारखान्यातले जुने सोबती लेथवर लागेल ते करून देत होते. पत्रा कुजला होता, तो श्रीरामपूरच्या एका वेल्डरनं जोडून दिला. असं करत दीड वर्ष गेलं. गुडघ्यांमुळं खाली बसता यायचं नाही, म्हणून मी एक ठेंगणा पाट करून घेतला आणि त्यावर बसून सरकत सरकत काम करायचो. संध्याकाळी उठताना गाडीलाच धरून उठायचो.

अडलं ते पुढच्या चाकांपाशी. या गाडीचं पुढचं चाक एका उभ्या लोखंडी दांड्यावर बसतं. दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक मुठीएवढ्या एका पितळी तुकड्यात फिरवून बसवलेलं असतं. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या पितळीत वळतो. खाली-वर जाणारे हात, स्प्रिंग, चाक, सगळ्याचा भार शेवटी त्या दोन जिनसांवर येतो. त्या रविवारी मोडला होता तो डावीकडचा दांडा, पितळीच्या अगदी वर, आट्यांतच.

तो दांडा विलायती नव्हता. अपघाताच्या दोन-तीन वर्षं आधी जुन्या जोडीत खेळ आला होता, म्हणून दादानं दुसरी जोडी बसवून घेतली होती. आपल्याकडं पूर्वी मद्रासला एक चार दारांची घरगुती गाडी तयार व्हायची. तिची मूळ रचना याच विलायती कंपनीची. तिचा दांडा आणि पितळी या गाडीला चालतात असं दादाला त्याच्या मित्रानं सांगितलं आणि आणूनही दिलं. हा मित्र नगरजवळ केडगावला गॅरेज चालवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. डॉक्टरांना घेऊन दर आठवड्याला नगरला जायचं असे, तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. डॉक्टर त्यांच्या कामात, आणि हे दोघं मिस्त्रीच्या गॅरेजात चहा पीत बसायचे. घरच्या माणसांपेक्षा दादा त्याच्याशी जास्त बोलायचा.

अपघातानंतर दादा एसटीनं केडगावला गेला आणि भरल्या गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर, मिस्त्रीला म्हणाला की तू डुप्लिकेट पार्ट देऊन माझ्या बायकोचा पाय मोडलास. पार्ट खरा आहे असं म्हणून मिस्त्रीनं मोडलेला तुकडा बघायला मागितला होता. दादानं दिला नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं संपलं. आमच्या घरात ‘मद्रासी पार्ट’ हा शब्दच झाला. बाजारातून काही फसवं आलं, कुकरची रिंग लवकर गेली, की दादा म्हणायचा, मद्रासी पार्ट दिसतोय.

त्यामुळं मी मद्रासी गाडीचा विचारच केला नाही. माझ्या एका भाच्यानं मोबाईलवरून इंग्लंडातून सामान मागवलं. चार महिन्यांनी खोकं आलं. उघडून बघतो तर दोन्ही दांडे उजवीकडचे. यात उजव्या चाकाचा आटा सरळ असतो आणि डाव्याचा उलटा, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. परत पाठवण्याचा खटाटोप करायची माझ्यात ताकद उरली नव्हती. मी खोकं बंद करून कॉटखाली सरकवलं आणि दोन महिने शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

शेवटी पुण्याच्या त्या शौकीन माणसाला फोन केला. तो म्हणाला, “काका, एवढं लांब कशाला जाता? मद्रासच्या गाडीचं पुढचं सगळं हिला बसतं. दांडा तोच, पितळी तीच, हातसुद्धा तेच. फक्त स्प्रिंगा वेगळ्या.”

मी म्हटलं, बसत नाही, आमच्या घरात एक पाय गेलाय त्यापायी. तो म्हणाला की आपल्या देशात या गाड्या ज्यांच्याकडं चालू आहेत ते सगळे हेच वापरतात, आजवर कुणाचा मोडल्याचं त्यानं ऐकलेलं नाही. पण मद्रासच्या गाड्याही आता भंगारात गेल्यात, सामान मिळणं कठीण. तुमच्याच भागात केडगावला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं आहे म्हणतात.

मी पंधरा दिवस काढले. दादाला सांगितलं नाही, वहिनींना नगरला डोळे तपासायला जातो असं सांगितलं. गाडीच्या डिकीत दादानं तो मोडलेला दांडा फडक्यात बांधून ठेवलेला होता, पितळीसकट. नमुना म्हणून तो पिशवीत घातला आणि एसटी पकडली.

गॅरेज आता मिस्त्रीचा मुलगा बघतो. पुढं नव्या गाड्या, कॉम्प्युटर लावून तपासणं. मिस्त्री मागच्या बाजूला पत्र्याच्या सावलीत स्टुलावर बसला होता. ऐंशीला टेकलेला, डोळ्यांत फूल पडलेलं. मी कुणाचा भाऊ ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “बसा.” मी काम सांगितलं आणि फडकं त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते सोडलं. बराच वेळ तुकडा हातात फिरवत राहिला, अंगठ्यानं चाचपत, अगदी डोळ्याशी नेऊन बघत. मग खिळा घेऊन आट्यांत खरवडलं. आतून पिवळट, साबणासारखं घट्ट काहीतरी निघालं. त्यानं ते बोटावर चोळलं, नाकाशी नेलं.

“हे बघा,” तो म्हणाला. मोडलेलं तोंड माझ्यापुढं धरलं. “ही बाजू काळी हाय, खड्डे पडल्यात. ही करडी. करडी त्या दिवशी मोडली. काळी त्याच्या लई आधीपासनं चिरत आलती. आत पानी शिरून गंजलं हुतं.” मग त्यानं विचारलं, “यात ग्रीस कुनी भरलं?”

मला कळायला वेळ लागला नाही. गाडी दादाची असली तरी तिला पाना लावणारा मीच. पंधरवड्याला सुट्टी मिळाली की कोपरगावहून यायचो आणि दादाच्या गाडीचं वंगण करायचो. मद्रासी जोडीही मीच बसवली होती. पितळीला वंगण भरायचं निपल होतं, आणि कारखान्यात आम्हाला निपल दिसलं की ग्रीसगन लावायची सवय. दर सुट्टीला मी दोन दोन दट्टे ग्रीस भरायचो. आणि बेलापूर-कोल्हार रस्त्यावर तेव्हा जागोजाग पाटाचं पाणी आडवं वाहायचं, त्यातून गाडी जायची.

“माहीत नाही,” मी म्हणालो.

मिस्त्रीनं मान हलवली. म्हणाला, यात ग्रीस चालत न्हाई. ग्रीस आट्यांत उतरतच न्हाई, वर घट्ट होऊन बसतं आन् खाली कोरडं राहतं. गिअरचं तेल घालायचं, पातळ, दर महिन्याला. “तुमच्या भावाला सांगितलं हुतं मी. हितंच, चहा पिताना.”

त्यानं मुलाला हाक मारून माळ्यावरून एक गोणी खाली काढायला लावली. त्यात कागदात गुंडाळलेल्या दोन जोड्या होत्या, डावी आणि उजवी, त्यानं हातानंच आटे ओळखून वेगळ्या केल्या. स्प्रिंगा मात्र मद्रासी गाडीच्या घालू नका, म्हणाला, ती चार माणसं आणि वर सामान वाहणारी गाडी, तिच्या स्प्रिंगा लांब नि कडक, तुमच्या हलक्या गाडीला त्या दबायच्या न्हाईत. एवढं सगळं त्यानं नीट समजावून सांगितलं. पस्तीस वर्षांबद्दल एक शब्द काढला नाही. मी पिशवी घेऊन निघालो. राहुरीपर्यंत मला बसायला जागा मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी मी बसलो असतो की नाही कोण जाणे.

पुढचे तीन आठवडे मी ती जोडी बसवत होतो. खरं सांगायचं तर, ती बसू नये असं मला वाटत होतं. एखादं भोक इकडंतिकडं निघावं, एखादा बोल्ट तिरका जावा, म्हणजे निदान म्हणता येईल की मिस्त्रीचंही चुकलंच होतं. एकही भोक चुकलं नाही. सगळे बोल्ट हातानं आत गेले, पान्याची गरज फक्त शेवटी आवळायला लागली. डिस्क ब्रेक धरून ठेवणारी कडी विलायती गाडीची, तीही मद्रासी दांड्यावर बिनतक्रार बसली. दादा खुर्चीवरून बघत असायचा. मी त्याच्याकडं पाठ करून काम करायचो.

विलायती स्प्रिंगांपैकी एक तडकलेली निघाली. मिस्त्रीचं न ऐकता मी श्रीरामपूरच्या भंगारवाल्याकडून मद्रासी स्प्रिंगांची जोडी आणून बसवली. गाडी जॅकवरून खाली सोडली तर तिचं तोंड वर उचललेलंच राहिलं. बॉनेटवर मी सगळं अंग टाकलं, तरी ती दोन बोटंसुद्धा खाली गेली नाही. मी तिथंच पाटावर बसून राहिलो. सोडून द्यावं, झाकून टाकावं पुन्हा, असं फार वाटलं.

त्या दुपारी वहिनी स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. नगरला कशाला गेलो होतो, मिस्त्रीनं काय दाखवलं, ग्रीस कुणी भरलं. मिस्त्रीशी खोटं बोललो तेही सांगितलं. वहिनींचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“म्हणजे पार्ट चांगला होता?”

“हो.”

“आणि मिस्त्री खरं बोलत होते.”

“हो.”

त्या पुढच्या शेंगेकडं वळल्या. शेंगा मोडता मोडताच म्हणाल्या, “तुमच्यावर रागवायला पाहिजे मी. पण भाऊजी, त्याला जोर लागतो, तो माझ्याकडं राहिलेला नाही. दिवसातून चार वेळा त्यांना उचलून बसवते, त्यातच सगळा संपतो.” मग गवारीचं ताट बाजूला सारून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “मला सांगून मोकळं व्हायला आला असाल, तर तसं होऊ नका. यांना सांगा. मिस्त्रींना जाऊन सांगा. माझा पाय काय, त्याची मला सवय झाली. त्या माणसाच्या पार्टचं नाव घेऊन आपण जेवणाच्या ताटावर हसत होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला खुर्चीवर बसवल्यावर मी त्याच्या शेजारी पाट घेऊन बसलो. त्याला झटक्यानंतर लांबलचक बोललेलं झेपत नाही, म्हणून थोडक्यात सांगितलं. पार्ट खोटा नव्हता. त्यात तेल घालायचं असतं, मी ग्रीस घातलं, म्हणून गंजला आणि मोडला. चूक माझी.

दादा माझ्याकडं बघत राहिला. ओठ हलले. मला वाटलं शिवी देतोय, आणि ती यावी म्हणून मी वाट बघत होतो.

“तेल,” तो म्हणाला. मग, “मला… सांगितलेलं… त्यानं.” डाव्या हाताचं बोट त्यानं स्वतःच्या छातीला लावलं आणि नंतर माझ्याकडं केलं. “तुला… नाही…”

पुढचं वाक्य त्याला जमलं नाही, पण ते पुरं होण्याची गरजही नव्हती. मिस्त्रीनं त्याला सांगितलं होतं आणि तो मला सांगायचं विसरला होता. हे त्याला त्या क्षणी आठवलं, की आधीपासून कुठंतरी माहीत होतं आणि म्हणून तो मिस्त्रीला मोडलेला तुकडा द्यायला तयार झाला नव्हता, ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. आपल्याकडून झालेल्या गोष्टीची वाटणी करून घ्यायला मला त्या दिवशी बरं वाटलं, एवढं मात्र खरं, आणि त्याची लाजही वाटली.

दादा दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. अंगणात यायला तयार होईना. वहिनी चमच्यानं पेज भरवायच्या, निम्मी बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, “दाढी.” वहिनींनी दाढी करून दिली. मग मला म्हणाला, “बोलव.”

मी पुन्हा केडगावला गेलो. मिस्त्री त्याच स्टुलावर होता. या वेळी बसायच्या आधीच सांगून टाकलं, की ग्रीस मी भरलं होतं आणि त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो.

“ते त्याच दिवशी कळलं,” मिस्त्री म्हणाला. “त्या गाडीला हात लावनारा दुसरा हुता कोन?”

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?

“तू बोलतोस का ते बघत हुतो.”

‘तुमी’वरून तो ‘तू’वर आला होता, पण त्यात जवळीक नव्हती. त्यानं सांगितलं की त्या दिवसानंतर दोन-तीन वर्षं त्याच्याकडं जुन्या गाड्यांची गिऱ्हाइकं आली नाहीत. बाजारात कुणीही म्हणायचं, ह्याच्याकडचा पार्ट घेऊ नका, ह्यानं एका बाईचा पाय घालवला. थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यानं स्वतः बेलापूरला येऊन दादाच्या दाराच्या कडीला अडकवली होती. दादा गेला नाही. “आता मी ज्यांना सांगायचं ते लोकच राह्यले न्हाईत,” तो म्हणाला. “कुनाला सांगू, की माझा पार्ट खरा हुता?”

मी उठलो, तेव्हा तो म्हणाला, “माफ केलं आसं काय मला म्हनता येनार न्हाई. येईन मात्र. बुधवारी येतो.”

बुधवारी मी त्याला बेलापूरच्या स्टँडवरून आणलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो हळूहळू चालत होता. अंगणात आल्यावर खुर्चीसमोर थांबला. दादानं डावा हात पुढं केला. मिस्त्रीला तो नीट दिसला नाही, त्यानं हवेत चाचपडलं, मग हात सापडला. वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या चालण्याचा आवाज, एक पाऊल जड आणि एक हलकं, ऐकून मिस्त्रीनं मान तिकडं वळवली आणि त्या येऊन थांबेपर्यंत तशीच ठेवली.

“मिस्त्री, बसा,” वहिनी म्हणाल्या. “आमच्याकडून तुमच्यावर फार अन्याय झाला. पाय मोडला होता माझा, आणि तुम्हाला काही विचारायचं मलाही सुचलं नाही.”

“तुमचा पाय, वैनी,” मिस्त्री म्हणाला आणि खाली बसला. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

चहा झाल्यावर तो गाडीपाशी गेला. पुढच्या मडगार्डवर हात ठेवला, मग वाकून चाकाच्या आणि मडगार्डच्या मधल्या फटीत पंजा घातला. सबंध पंजा आत गेला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, मद्रासी स्प्रिंगा घातल्यास न्हवं? मी हो म्हटलं. तो दादाकडं वळून म्हणाला, “तुझा भाऊ आजून कुनाचं ऐकत न्हाई.” दादाच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. झटक्यानंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

स्प्रिंगांचा एखादा वेढा कापून टाकावा असं माझ्या मनात होतं. मिस्त्रीनं नको म्हटलं, कापली की ती बसकी होते आणि कडकपणा उलट वाढतो. नगरला एक जण नमुन्यावरून स्प्रिंग वळून देतो, त्याच्याकडं चांगली राहिलेली विलायती स्प्रिंग दिली. दीड महिन्यानं जोडी आली. ती घातल्यावर गाडी सरळ उभी राहिली.

नाताळ होऊन गेल्यावर एका सकाळी आम्ही दादाला उचलून तिच्यात बसवलं. मी, वहिनी आणि शेजारचे दोघं लागलो. चालवायला दुसऱ्या सीटवर मी. वहिनींना म्हटलं, दादाला फिरवून आणल्यावर तुम्हालाही नेतो. त्या म्हणाल्या, मी त्या गाडीत परत बसणार नाही, तुम्ही जाऊन या. त्यात राग नव्हता. दारात उभ्या राहून त्यांनी आम्हाला जाताना पाहिलं आणि मग आत गेल्या.

मी पाटाच्या पुलापर्यंत गेलो आणि परत आलो, दोन-अडीच किलोमीटर असेल. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता उखडलेला, प्रत्येक खड्ड्याला माझे हात स्टिअरिंगवर आवळले जात आणि कान डाव्या चाकाकडं. काही वाजलं नाही. दादा सगळा वेळ समोर बघत होता. पुलापाशी मी थांबून विचारलं, बरं वाटतंय का? तो म्हणाला, “थंडी.” मी माझा स्वेटर काढून त्याच्या अंगावर टाकला आणि गाडी वळवली. दोन-अडीच वर्षांच्या कामाचं एवढंच झालं. मला आनंद होईल असं वाटलं होतं, पण उतरताना फक्त गुडघे दुखत होते.

त्यानंतर मिस्त्री महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मुलगा आणून सोडतो, संध्याकाळी न्यायला येतो. गाडीच्या मागच्या आडव्या पाट्यांची स्प्रिंग अजून जुनीच आहे, थकलेली, आणि तिच्यावरून दोघांचा वाद चालू आहे. मिस्त्रीचं म्हणणं, मद्रासी गाडीची घ्यायची, पाट्या जास्त आहेत त्यातल्या दोन कमी करायच्या, बाकी ती तंतोतंत बसते. दादाचं म्हणणं, नाही. का नाही ते त्याला सांगता येत नाही. मिस्त्री पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो, पाट्यांची लांबी, जाडी, मधल्या बोल्टाचं अंतर, आणि सगळं संपलं की दादा पुन्हा म्हणतो, “नाही.” माझं मत कुणी विचारत नाही. मी आतल्या खोलीत जाऊन आडवा होतो. एकाचं लांबण आणि दुसऱ्याचा तो एक शब्द ऐकू येत राहतो, मध्येच वहिनी कुणाला तरी चहा हवा का विचारतात, आणि मला झोप लागते.